मोठ्यानं वाचलेले रिपोर्ट

माझी शुगर किती आहे हे नाचणगावात सगळ्यांत शेवटी मला कळतं. मी जन्मांध, त्यामुळे माझा प्रत्येक कागद शेजारचे दुकानदार शेठजी वाचून दाखवतात. माणूस सोन्यासारखा, पण उभा जन्म गिऱ्हाइकांना हाका मारण्यात गेला. हळू बोलणं त्यांच्या गळ्याला ठाऊकच नाही. "भाऊ, शुगर वाढली ना बाप्पा," असं त्यांनी गल्ल्यावरून जाहीर केलं की मी टपरीवर पोचेपर्यंत माझा चहा बिनसाखरेचा झालेला असतो.

म्हणून एका लॅबनं 'दिव्यांगांसाठी खास' अ‍ॅप काढलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. माझा फोन बोलतो. पडद्यावर बोट फिरवलं की खालचं अक्षर वाचून दाखवतो. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केल्यामुळे इंग्रजीही मला ऐकून समजतं. आता आपला रिपोर्ट आपल्या कानात, गल्लीला सुट्टी.

उद्घाटनाला त्यांनी मलाच बोलावलं. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. कुबड्या घेऊन आलेले एक गृहस्थ खालीच बसून राहिले, त्यांचा सत्कार जिन्यापाशी उरकला. मला वर नेऊन शाल पांघरली, हातात नारळ दिला. बटण दाबायची वेळ आली तेव्हा लॅबच्या साहेबांनी माझं बोट धरलं आणि स्वतःच दाबलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

मी म्हटलं, "साहेब, माह्या फोनात हे नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणून राह्यलं. कोणतं बटण कायचं?"

साहेब प्रेमानं म्हणाले, "काका, घरच्यांना सांगायचं. ते दाबून देतील."

म्हणजे मला स्वावलंबी करायला घरची सगळी माणसं कामाला लागणार. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं लोक म्हणतात. मी तर एकही डोळा मागितला नव्हता, बटणांना नावं द्या म्हणत होतो. मिळाला नारळ.

पुढं बायकोच्या मानेला गाठ आली. त्या गाठीचा तुकडा त्याच लॅबमध्ये तपासायला गेला. ती चौथी शिकलेली, इंग्रजी तिला येत नाही. मी मनाशी ठरवलं होतं की बरं-वाईट जे असेल ते आधी मी ऐकणार, आणि मग माझ्या तोंडून, बेताबेतानं तिला सांगणार. तिनं आयुष्यभर मला वाट दाखवली. एवढं एक काम मला स्वतः करायचं होतं.

एका दुपारी फोन बोलला, "आपला रिपोर्ट तयार आहे." मी भीत भीत अ‍ॅप उघडलं. "बटण. बटण. प्रतिमा. प्रतिमा." पहिली प्रतिमा दाबली.

बायको डोकावून म्हणाली, "अवो, हे तं तुमीच दिसता. शाल घेऊन."

दुसरी दाबली. "हे सारं इंग्रजीत हाये," ती म्हणाली. कागदाचा फोटो काढून तो तसाच टाकला होता, आणि फोटोपुढं माझा फोन मुका. लॅबला फोन लावला तर तिथली मुलगी म्हणाली, "पाहून घ्या ना काका, एकदम स्पष्ट दिसते."

बायकोला घरीच थांबायला सांगून मी शेठजींकडे गेलो. त्यांच्या दुकानात आणि आमच्या घरात फक्त एक भिंत. जरा हळू वाचा, असं मी सांगणार होतो, पण फोन हातात पडताच ते सुरू झाले. नाव वाचलं, वय वाचलं, तपासणी कशाची तेही वाचलं, सगळं नेहमीच्या आवाजात. आणि थांबले. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि कानाशी येऊन पुढचं सांगितलं. इतकं हळू त्यांना बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

घरी येईपर्यंत मी दोन वाक्यं जुळवली. एक आजाराचं, एक उपचाराचं. दारात पाय ठेवला तर समोरच तिच्या बांगड्या वाजल्या.

"शेठजी वाचता वाचता काऊन थांबले?" तिनं विचारलं.

मी पहिलं वाक्य काढायला तोंड उघडलं.

"बसा आधी," ती म्हणाली. "पानी प्या. मले समजलं."