कुंकू लावलेला कागद

मरणाची इतकी नीटनेटकी तयारी करणारा माणूस अख्ख्या बेडोक वस्तीत दुसरा नसेल. आमचे शेजारचे काका मूळचे पुण्याचे. चाळीस वर्षं सिंगापुरात राहूनही चहा बशीतूनच प्यायचे आणि लिफ्टमध्ये अनोळखी माणसाच्याही चुका काढायचे. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी रीतसर सहीचा कागद करून घेतला: हृदय बंद पडलं तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करू नये. काकूंच्या शेवटच्या दिवशी ती दाबादाबी त्यांनी पाहिली होती. "मला गुपचूप जाऊ द्या रे," एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण गुपचूप काही करणं काकांच्या स्वभावातच नव्हतं. कागदाच्या रंगीत प्रती लॅमिनेट करून त्यांनी फ्रिजवर, दारामागे, अगदी बाथरूममध्येही लावल्या. मूळ कागदाला मात्र, नव्या स्कूटरला लावावं तसं हळदकुंकू लावून, ओळखपत्रासह देवाच्या फोटोमागे ठेवलं.

"अहो काका, या कागदाला कुंकू?"

"नवा आहे ना? मग!"

दर रविवारी दहा वाजता तालीम असे. ॲम्ब्युलन्सवाले मूळ कागद पाहून नाव-नंबर ताडल्याशिवाय ऐकत नाहीत, म्हणून काका सोफ्यावर मरून पडत आणि मी दोन्ही वस्तू शोधून आणायच्या. एक डोळा किलकिला करून ते घड्याळ बघत. "तीन मिनिटं! दोनच्या आत हवं. नापास. चहा टाक." खरं सांगायचं तर त्या चहासाठीच मी नापास होत असे.

एका मंगळवारी सकाळी उपमा द्यायला गेलो, तर काका सोफ्यावर पडलेले. मी हसून म्हटलं, "आज रविवार नाही, काका." डोळा उघडला नाही. ॲम्ब्युलन्स बोलवायची नाही, असं त्यांनी शंभरदा बजावलेलं असूनही घाबरून मीच ती बोलावली. आलेल्या मुलीने त्यांना खाली घेऊन छाती दाबायला सुरुवात केली. मी फ्रिजवरची प्रत पुढे केली.

"धिस वन कॉपी लाह. ओरिजिनल हॅव ऑर नॉट?"

दारामागची प्रत काढली, बाथरूमची काढली, आणि मग एकदम कुंकू आठवलं. देवाच्या फोटोमागून मूळ कागद आणि ओळखपत्र काढून तिच्या हातात दिलं. तिच्या सोबत्याने छाती दाबणं चालू ठेवलं. तिने सही पाहिली, नाव-नंबर जुळवले, ओळखपत्रावरचा चेहरा पाहिला.

"ओके. वी स्टॉप."

तिने काकांच्या सदऱ्याची बटणं लावली. ग्लव्हचं कुंकू सदऱ्याला लागलं.

माझ्यामुळे तेवढा वेळ त्यांना ती दाबादाबी सोसावी लागली, याचं अजून वाईट वाटतं. सवयीने मी घड्याळाकडे पाहिलं. दीड मिनिट. पहिल्यांदाच पास झालो होतो, आणि चहा टाक म्हणायला कोणी नव्हतं.