वेल्डरच्या कपड्यांना खळ

आमचे हे गंगाखेडजवळ साखर कारखान्यात वेल्डर आहेत. तिथून त्यांना आगरोधक जाड सुती कपडे मिळतात. ठिणगी पडली तर तेवढी जागा काळी पडून विझते, कापड पेटत नाही. हे मला आज माहीत आहे. लग्नानंतर कित्येक वर्षं एवढंच माहीत होतं, की ते धुताना मनगटं भरून येतात.

कॉलरच्या आत धुण्याच्या सूचनांची पट्टी होती म्हणे. ती मानेला टोचते म्हणून ह्यांनी पहिल्याच दिवशी ब्लेडने कापून टाकली. कापडच तर आहे, त्यात वाचायचं काय, असं वर मलाच विचारलं. मग मी माझ्या पद्धतीने धुतले. घागरीला पांढरा थर बसवणारं बोअरचं पाणी, साबणाची वडी आणि शेवटी भाताच्या पेजेची खळ. आमच्याकडे माणूस चुरगळलेल्या कपड्यांत बाहेर पडला, तर नावं त्याला नाही, त्याच्या बायकोला ठेवतात. हे कामावर इतके कडक होऊन जायचे, की सोबतचे त्यांना 'साहेब' म्हणून चिडवायचे. मला त्याचा केवढा तोरा! आठवलं की आता स्वतःचाच राग येतो.

गेल्या वर्षी दुरुस्तीच्या कामात ठिणगी बाहीवर पडली आणि बाही पेटली. शेजारच्या माणसाने ओलं पोतं टाकलं म्हणून हात राहिला, कातडी मात्र कोपरापर्यंत गेली. सुरक्षेचं बघणारे साहेब दवाखान्यात आले आणि हात सोडून बाहीच चोळून बघत बसले. याला लावता काय, म्हणाले. मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. जड पाण्यात वडीचा साबण निघून जात नाही, त्याचा चिकटा धाग्यांत बसतो आणि तो जळतो. खळ तर जळतेच. पावडर वापरा, पाणी गोडं घ्या, खळ बंद करा. करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

घरी येऊन मी जुन्या पँटच्या खिशाचा एक तुकडा कापला, नव्या जोडीच्या शिवणीतला एक घेतला आणि दोन्ही चिमट्यात धरून गॅसवर नेले. नवा काळा पडून विझला. मी धुतलेला गॅसपासून दूर नेला तरी जळत राहिला.

"तुझा दोष न्हाई त्यात," हे म्हणाले, आणि मला रडूच कोसळलं.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा येणारं नळाचं गोडं पाणी मी पिण्याआधी त्या कपड्यांसाठी बाजूला काढते. आणि या माणसाने काय करावं? बॉयलर पेटवण्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी खुंटीवरचा शर्ट हातात घेतला, तर पापडासारखा कडक. पुढारी येणार, फोटो निघणार, म्हणून ह्यांनी गुपचूप परटाकडून त्याला खळ घालून आणली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्याकडे हात पोळला तरी फोटोची हौस आहेच. मी शर्ट तसाच बादलीत बुडवला.

"काय करायलीस? लोकं हसतील की."

"हसू द्या. पोतं टाकणारा माणूस रोज बाजूला ऱ्हाणार हाय का?"

मी शर्ट चार पाण्यांतून काढून पिळून दिला. त्यांनी तो ओलाच घातला. भाजलेल्या हातावर बाही सरकेना, तेव्हा मीच ओढून दिली.

फोटो आला. सगळे ताठ, आणि मधे आमचे हे, बोळा झालेल्या शर्टात. शेजारणीने तो मोबाइलवर बघितला आणि मला विचारलं, "नवऱ्याच्या कपड्याकडं ध्यान न्हाई का गं तुझं?"

त्या कपड्यांइतकं ध्यान मी आयुष्यात दुसऱ्या कशाकडे दिलेलं नाही.