कालव्यावरचा बसड्रायव्हर

"दोन मिनिटं लवकर आलोय, थांबू या," असं म्हणत ते डाव्या हाताची बाही वर सारायचे आणि घड्याळ बघायचे. लंडनच्या बसवर ते एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. उशीर झाला तर ट्रॅफिकला नावं ठेवता येतात, पण वेळेआधी स्टॉप सोडला तर ती ड्रायव्हरचीच चूक, असा तिथला हिशेब. तो त्यांच्या अंगात मुरला होता. लंडनमध्येच इल्फर्डला आमच्याकडे सात वाजता जेवायला बोलावलं की सहा पंचावन्नला ते समोरच्या फुटपाथवर उभे. मी खिडकीतून हात करायचे, या आत. ते बोटानं घड्याळ दाखवायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नोकरी सुटते, पण तिची सवय सुटत नाही.

आमची ओळख बस गॅरेजच्या कँटीनमधली. माझे मिस्टर तिथंच ड्रायव्हर, मी कँटीनमध्ये चहा आणि भांडी. म्हणून मी त्यांची वहिनी आणि ते माझे भावोजी. माझा चहा त्यांना कधी आवडला नाही, आणि ते तसं तोंडावर सांगत. मी म्हणायचे, मग घरून आणा. तीस वर्षं ना त्यांनी घरून आणला, ना मी चहा बदलला.

पुढं माझे मिस्टर गेले, दोन वर्षांनी भावोजींची बायको गेली. त्यांना एकच मुलगी, ती केंब्रिजला कुठल्याशा लॅबमध्ये. त्यांच्या पंचाहत्तरीला तिनं फ्रान्समध्ये एक आठवडा बोट घेतली. आपणच चालवायची, कालव्यातून गावागावांनी हळूहळू जायचं. बुकिंग झाल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"काकू, तुम्ही पण चला. मला हेल्प पाहिजे."

"कसली?"

"बाबा म्हणतात डोळे फाइन आहे. आय टेस्टला जात नाहीत, आणि गाडी चालवतात. मला कळत नाही त्यांना किती दिसतो. तुम्ही वीकभर बघा आणि मला खरं सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही."

"म्हणजे मला इन्स्पेक्टर म्हणून नेतेस."

"हो," ती म्हणाली. "आणि आमटी पण करा."

गाडी गेली की त्यांचं इल्फर्डचं घरही जाणार होतं. मुलगी त्यांना केंब्रिजला नेणार, हे ठरलेलं होतं. ते त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून तर ते टेस्टला जात नव्हते. मी हो म्हटलं. फुकट फ्रान्स बघायला मिळत होतं, हेही एक कारण, खोटं कशाला सांगू.

बोट म्हणजे पांढरं, फुगीर, टबासारखं प्रकरण. चहूबाजूंनी रबर लावलेलं, कारण धडका बसणारच. लायसन लागत नाही. बोटीच्या कंपनीतल्या एका मुलीनं वीस मिनिटं शिकवलं आणि बोट आमच्या ताब्यात दिली. भावोजी जुना निळा स्वेटर घालून चाकामागं बसले, आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

कालवा बर्गंडी नावाच्या भागातला. कुत्र्याला फिरवणारा म्हातारासुद्धा आमच्या पुढं जायचा. दोन्ही काठांना उंच झाडं, कापलेली गव्हाची शेतं, पांढऱ्या गाई. तासाभरानं एखादं गाव यायचं. एक चर्च, एक पावाचं दुकान, दुपारी सगळ्या खिडक्या बंद. मध्येमध्ये लॉक, म्हणजे पाण्याचा जिना. आत शिरलं की मागचं दार बंद करून पाणी सोडतात आणि बोट वर चढते, किंवा पाणी काढतात आणि ती खाली उतरते. बारा ते एक लॉकवाले जेवायला जातात, मग राजा आला तरी दार उघडत नाही. भावोजींना हे फार पटलं. "बघा वहिनी, ब्रेक म्हणजे ब्रेक."

त्यांनी घरूनच एक टाइमटेबल करून आणलं होतं. कुठलं गाव किती वाजता, सगळं जाड काळ्या पेननं, एवढ्या मोठ्या अक्षरांत की चार गावांना चार कागद लागले होते. मला वाटलं, हौस.

दुसऱ्या दिवशी काठावर एक म्हातारी टोपली घेऊन उभी होती. तिनं नुसता नमस्कारासारखा हात हलवला. भावोजींनी बोट काठाला लावली.

"बाबा, व्हाय आर वी स्टॉपिंग?"

"बाईंनी हात दाखवला."

"ती हॅलो म्हणते, बाबा."

"हात दाखवला की थांबायचं."

आणि गंमत म्हणजे म्हातारी चढली. माझ्या शेजारी बसून तिनं चिवडा खाल्ला, डोळ्यातून पाणी काढलं, पुन्हा मागितला. पुढच्या गावाला उतरताना टोपलीतले मूठभर प्लम दिले. दिवसभर ते खुशीत होते. मुलगी फोटो काढून मैत्रिणींना पाठवत होती. मीही हसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी खाली झोपली होती. भावोजींनी पुन्हा बोट काठाला घेतली. इंजिन हळू केलं, हात पुढं केला आणि मराठीतच म्हणाले, "या, सावकाश या."

काठावर लाकडी खांब होता. कुणीतरी त्यावर निळा एप्रन वाळत टाकला होता.

ते हात पुढं करून थांबले होते. एप्रन वाऱ्यानं हलला. मग त्यांना कळलं. हात मागं घेऊन त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"वहिनी, कोण आहे?"

"खांब आहे."

त्यांनी बोट पुन्हा मध्ये घेतली.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दोन वर्षं. मधलं जातं. कडेचं दिसतं. तुमचे कान दिसतात मला, तोंड नाही."

"तोंडात बघण्यासारखं काही राहिलं नाही. आणि बोट कशी चालवता?"

"कालव्याला कडाच तर असतात."

"आणि इल्फर्डला?"

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ असेल, भावोजी. रस्त्यात येणारी पोरं पाठ नसतात."

ते म्हणाले, "तिला सांगू नका."

"ती विचारेल. विचारलं की मी सांगणार. त्याआधी तुम्ही सांगा."

"मग शेवटच्या लॉकपर्यंत द्या मला. तीन दिवस."

मी विचार केला. माणूस चालतो त्याहून हळू चाललेली बोट, चहूबाजूंनी रबर. दिले. पण अट घातली की मी पुढं बसणार आणि दिसेल ते ओरडून सांगणार.

दुसऱ्या दिवसापासून मी बोटीच्या पुढच्या टोकावर खुर्ची टाकून बसले, डोक्यावर त्यांच्या मुलीची हॅट.

"उजवीकडे गाय."

"पाण्यात आहे का?"

"नाही, काठावर."

"मग गाय कशाला सांगता?"

"डावीकडून बोट येतेय. मोठी. नवराबायको भांडताहेत."

"भांडण सांगू नका, अंतर सांगा."

मुलीला वाटलं काकूंना बोटीचं वेड लागलं. ती म्हणायची, "काकू, तुम्ही कॅप्टन झालात." भावोजी म्हणायचे, "कंडक्टर. कॅप्टन मी आहे." त्या तीन दिवसांत ते जेवढं बोलले तेवढं तीस वर्षांत बोलले नव्हते. साताऱ्याहून पहिल्यांदा इथं आले तेव्हा थंडीनं स्टिअरिंगवरची बोटं सुटत नसत, ते. बायको त्यांच्याच बसमध्ये सगळ्यात मागं बसायची, ड्यूटीवर नवरा ओळख दाखवत नाही म्हणून रुसायची, ते. मी ऐकत होते आणि पुढं बघत होते. दोन्ही एकदम करायचं म्हणजे मान दुखते.

शनिवारी शेवटचं लॉक आलं. दार बंद झालं, पाणी उतरायला लागलं. मुलगी दोर धरून उभी. मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. पाणी पार खाली गेलं तरी तोंड उघडेना.

तिनंच विचारलं. "सो काकू, व्हॉट डू यू थिंक? बाबांना दिसतो का?"

"नाही," मी म्हटलं. "मधलं काही दिसत नाही. गाडी चालवू देऊ नकोस."

तिच्या हातातला दोर तसाच राहिला. त्यांनी पँटच्या खिशातून गाडीची किल्ली काढली. फ्रान्समध्ये ती कशाला आणली होती देव जाणे. पावाच्या पिशवीशेजारी ठेवली आणि मुलीला म्हणाले, "घे."

ती रडायला लागली. मला रडं आलं नाही. मी खरं सांगीन म्हणूनच मुलीनं मला आणलं होतं, आणि मी सांगितलं.

त्या हिवाळ्यात ते केंब्रिजला गेले. घर विकलं. फोनवर बोलायचे, हवा कशी आहे वगैरे. चांगलं केलंत असं कधी म्हणाले नाहीत. वाईट केलंत असंही नाही. मीही विचारलं नाही. आमच्याकडे जेवायला मात्र पुन्हा आले नाहीत. गेल्या जानेवारीत वारले. मुलीनं फोन केला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तिचं बोलणं संपेपर्यंत तव्यावरची करपली.

त्यांचं नाव निघालं की मला ते शेवटचं लॉकच आठवतं. पुढचं दार उघडलं होतं. बोट परत द्यायचा धक्का समोर दिसत होता, अर्धा मैल असेल. मुलगी डोळे पुसून चाकाकडे आली.

"अर्धा मैल राहिलाय," ते म्हणाले. "तेवढा मी नेतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी हॅट घातली आणि पुढं जाऊन बसले. ऊन पाण्यावर पसरलं होतं. बोट निघाली.

"वहिनी, पुढं काही आहे का?"

बरोबर मधोमध बदकांचं एक जोडपं आरामात चाललं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "सगळं मोकळं आहे. या."

बदकं आपली आपण बाजूला झाली.