वहीत नसलेली फेरी

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सावंतवाडीहून निघालो. बॅटरी शंभर टक्के, सीटखाली चार्जर, पाठीवर पिशवी आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक जुनी दोनशे पानी वही. जायचे होते सुर्ल्याला, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या खाणींच्या गावी. मी ठरवलेल्या रस्त्याने अंतर चौसष्ट किलोमीटर. माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरविषयी कंपनीचे कागद ऐंशी किलोमीटर म्हणतात. मी तीन वर्षे रोज लिहून ठेवले आहे, चढउताराच्या रस्त्यावर ती बासष्टच्या पुढे जात नाही. म्हणजे दोन किलोमीटर कमी पडणार होते.

"बसने गेलात तर?" वायर गुंडाळून देताना बायकोने विचारले.

"इलेक्ट्रिक गाड्यांच्या शर्यतीला बसने जायचं?"

"बरं. पण त्या सगुणशी वाद घालू नका."

"अठरा वर्षांत एक शब्द बोललो नाही त्याच्याशी. वाद कुठला?"

"तोच तर तुमचा वाद."

सगुण कोण ते सांगायला हवे. तरुणपणी मी सुर्ल्याच्या खाणीवर वजनकाट्याचा कारकून होतो. खनिजाचे ट्रक काट्यावर यायचे, मी वजन लिहायचो. सगुण तिथेच खनिज चाळण्याच्या यंत्रावर होता आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलच्या शर्यती मारायचा. भात कापून झाले की ट्रक उभे करायच्या मैदानावर शर्यत भरे. फेऱ्या मोजायला मला बसवत, कारण माझी वही चुकत नाही असा लौकिक होता. लाल धुरळ्यात डोळ्यांना काही दिसत नसे. मी कानांनी मोजायचो. प्रत्येक गाडीचा आवाज मला पाठ होता. मान खाली, पेन्सिल हातात, आवाज गेला की एक रेघ. सगुणची गाडी गिअर बदलताना किंचित खोकायची. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

अठरा वर्षांपूर्वीच्या वीस फेऱ्यांच्या शर्यतीत सगुणने हात वर करून गाडी थांबवली. माझ्या वहीत एकोणीस रेघा होत्या. पहिला येणाऱ्याला म्हापशाचा एक टायरवाला आपल्या खर्चाने नाशिकच्या मोठ्या शर्यतीला नेणार होता. तो दुसऱ्याच मुलाला घेऊन गेला. सगुण म्हणाला, "तुझी वही चुकली." मी म्हणालो, "वही खोटं बोलत नाही." एवढेच. त्यानंतर तो शर्यतीत उतरला नाही. पुढे खाणी बंद पडल्या आणि मी घरी परतलो. सावंतवाडीत नोकरी, मुले, सगळे नीट झाले. पण अंगणात बसलेलो असताना रस्त्यावरून जुनी मोटारसायकल गेली की मी अजून हातातले काम थांबवतो. ती खोकते का ते ऐकतो.

पंधरा दिवसांपूर्वी फोन आला. "काका, हांव सिद्धी. सगुणाची चली." चली म्हणजे मुलगी. सुर्ल्यात इलेक्ट्रिक मोटारसायकलींची शर्यत भरणार होती. मागच्या खेपेला फेऱ्यांवरून भांडण झाले म्हणून या खेपेला मोजणारा बाहेरचा हवा होता. ती स्वतःही गाडी चालवणार होती. पहिला येणाऱ्याला पुण्याच्या एका रेसिंग टीमच्या चाचणीला पाठवणार होते. जागा एकच.

"बाबांनी सांगितलं का मला बोलवायला?"

"ना. पूण प्रत्येक शर्यतीक ते म्हणटात, दत्ता आसपाक जाय आशिल्लो."

दत्ता, म्हणजे मी, असायला हवा होता. फोन ठेवल्यावर मी कपाटातून वही काढली.

बांदा ओलांडले तेव्हा बॅटरी एकोणऐंशी टक्के होती. पत्रादेवीच्या नाक्यावर पोलिसाने गाडीच्या मागे वाकून सायलेन्सर शोधला आणि स्वतःशीच हसून जाऊ दिले. पुढे मोठा रस्ता सोडून हळर्णकडे वळलो. दोन्ही बाजूंना काजूच्या टेकड्या, मध्ये कुळागरे (पाणथळातल्या सुपारी-नारळाच्या बागा). इलेक्ट्रिक गाडीवर माणसाला फार ऐकू येते. पाटाचे पाणी ऐकू आले, कोणीतरी करवतीने फांदी कापत होते तेही. खाणीवर असताना पेट्रोलच्या गाडीवर मी या रस्त्याने कितीदा गेलो होतो, पण इथे पाट आहे हे मला माहीत नव्हते.

हळर्णच्या किल्ल्याचा पडका तट दिसला तेव्हा मीटरवर तेहेतीस किलोमीटर आणि बॅटरी सेहेचाळीस. रस्त्यालगतच्या पहिल्या घराच्या अंगणात साठीच्या एक बाई मिरच्या वाळत घालत होत्या. मी प्लग मागितला.

"कसलो प्लग? मोबायलाचो?"

"गाडीचा. तासभर लागेल."

त्यांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली. "ही वीज खाता? मगे माझ्या फ्रीजापरीस बरी. फ्रीज खाता आणि जाग्यावरच रवता. हाडा हंय, जनेलाकडे." जनेल म्हणजे खिडकी, तिथे आणायला सांगत होत्या. फ्रीजचा प्लग काढून त्यांनी माझा लावला. मी नको नको म्हणत होतो. "दूध उकळून ठेवलंय, वरभर काय जाणा ना (तासभर काही होत नाही)," म्हणाल्या आणि उंडो (कडक पाठीचा गोल पाव) आणि मुगाची पातळ भाजी समोर ठेवली.

पंचवीस मिनिटांत वीज गेली. मी घड्याळ बघत बसलो. शर्यत चारला, मार्ग मोजायचा होता त्याआधी.

"इतकी कसली घाई?" बाईंनी विचारले. "कोण वाट बघता?"

"एक मित्र," म्हणालो. "बघतो की नाही, माहीत नाही."

"बघत नसतलो तर तुमी इतक्या लांब इला नसतास," त्या म्हणाल्या आणि परत मिरच्यांकडे गेल्या. वीज पन्नास मिनिटांनी आली. निघालो तेव्हा बॅटरी एकाहत्तर होती. गरज होती त्याहून बरीच जास्त, पण मी जोखीम घेत नाही.

नदी ओलांडून, अस्नोड्यावरून डिचोलीत आलो. बाजारात ओळखीचे एकही दुकान सापडले नाही. सुर्ल्याच्या वाटेवर पूर्वी ट्रकांची रांग असे, झाडांची पानेही लाल असत. आता पाने हिरवी होती. मला ते बरे वाटायला हवे होते.

मैदानाच्या कडेला सिद्धी भेटली. बावीस वर्षांची, बापासारखी रुंद खांद्यांची. तिची गाडी म्हणजे सगुणचीच जुनी मोटारसायकल होती. इंजिन काढून तिथे मोटर बसवलेली, पेट्रोलच्या टाकीच्या जागी बॅटरी. मी टाकीच्या जागेवर हात ठेवला. थंड होती.

"खोकत नाही आता," मी म्हणालो. ती समजली नाही.

सगुण दोरीपाशी पाठमोरा उभा होता. मी दोनदा हाक मारली. तो वळला नाही. मी परत जायला निघालो, तेव्हा सिद्धीने जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला आणि बघतच राहिला.

"मोट्यान उलय मरे! (मोठ्याने बोल)" तो ओरडला. "यंत्रान कान खाल्ले म्हजे. पंदरा वर्सां जालीं."

"मशीन लाव ना कानाला!"

त्याने शर्टाच्या खिशातून कानातले यंत्र काढून दाखवले आणि परत खिशात टाकले. "हांतूंत (यात) फकत वारो आयकूं येता. तूं म्हातारो जालो."

"तूही!"

"किदें?"

जुन्या गोष्टीविषयी तो काही बोलला नाही. सावलीत एक टेबल आणि खुर्ची आधीच मांडलेली होती, बरोबर पूर्वीच्याच जागी, पिंपळाच्या डाव्या बाजूला.

दुपारी मी आणि सिद्धीने टेपने मार्ग मोजला. एक फेरी सहाशे बारा मीटर. बारा फेऱ्या, म्हणजे सात किलोमीटर तीनशे चव्वेचाळीस मीटर. शर्यतीतल्या सहाही जणांना मी सुरुवातीच्या रेषेवर मीटर शून्य करायला लावले. मला फक्त कोणाची बॅटरी किती खर्च होते ते लिहायचे होते. "काका परीक्षा घेतात," एक जण म्हणाला.

चार वाजता शर्यत सुटली आणि मी गोंधळलो. आवाजच नव्हता. साखळीची किरकिर, खडीवर टायर, वळणावर एक बारीक शीळ. सहाही गाड्या सारख्याच. पाणी मारल्यामुळे धुरळा नव्हता, पण लोकांचे बोलणे सगळे ऐकू येत होते. दोरीपलीकडे बायका हळसांद्यांच्या (चवळीसारख्या) शेंगा सोलत गप्पा मारत होत्या. शर्यतीत पहिल्यांदाच मी कोंबडा आरवलेला ऐकला. मी डोळे वर ठेवायचे ठरवले होते. पण सवय जुनी. रेघ मारायला मान खाली गेली की ती तिथेच राहायची, आवाजाची वाट बघत. सातव्या फेरीत दोन नंबरची गाडी वळणावर घसरली. मुलाला लागले नाही. मी वेळ आणि जागा टिपून घेतली, दोन ओळी.

शेवटी तीन नंबरच्या सिद्धीने रेषा ओलांडून हात वर केला. तिच्या मागोमाग पेडण्याचा गौरेश, पाच नंबर. वहीत गौरेशच्या बारा रेघा होत्या. सिद्धीच्या अकरा. मी झेंडेवाल्याला गौरेशसाठी खूण केली.

सगुण दोरी ओलांडून टेबलाशी आला. त्याने डाव्या खिशातून मूठभर चिंचोके काढून माझ्या वहीवर ओतले. दर फेरीला एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्यात. मी मोजले. बारा.

"तू तिचा बाप आहेस," मी म्हणालो. त्याला ऐकू गेले नाही, पण ओठांवरून कळले असावे.

"हय," तो हळू म्हणाला. "देखून म्हजें कोण मानचो ना. (म्हणून माझे कोणी मानणार नाही.)"

तो ओरडला असता तर बरे झाले असते. मी वहीकडे पाहिले. वही खोटं बोलत नाही, हे वाक्य तोंडापर्यंत आले होते. मग मला मीटर आठवले.

सिद्धीची गाडी रेषेपलीकडे जिथल्या तिथे उभी होती. अकरा फेऱ्या असत्या तर मीटरवर सहा पूर्णांक सात दिसायला हवे होते. दिसत होते सात पूर्णांक तीन. गौरेशच्या गाडीवरही सात पूर्णांक तीन. मी माइक मागून घेतला.

"तीन नंबरची एक फेरी माझ्या वहीत नाही. ती झालेली आहे. चूक माझी आहे. तीन नंबर पहिला."

पेडण्याहून आलेली मंडळी उठली. "आज्याक चार्जिंगाक लावा रे!" कोणीतरी ओरडले आणि सगळे मैदान हसले. दुसरा म्हणाला, "मित्राची चली म्हणान जिकयली!" त्यावर मात्र कोणी हसले नाही.

गौरेशने हेल्मेट काढले. "माझो मीटर बघा आणि तिचो बघा," तो आपल्याच लोकांना म्हणाला. "बारा फेरे मी तिची पाठच बघतंय. तुमका खयसून दिसतली?"

संध्याकाळी सगुणच्या पडवीत मी पिशवीतून जुनी वही काढली आणि ते पान उघडले. सगुणच्या नावापुढे पाच-पाच रेघांचे तीन पूर्ण जुडगे आणि चार सुट्या. एकोणीस. त्याच्याखालचे नाव ज्याचे होते त्याचीही गाडी त्याच कंपनीची. दोन गाड्या एकदम गेल्या असतील तर धुरळ्यात मला एकच आवाज आला असेल. किंवा नसेलही. त्या गाड्यांना मीटर नव्हते, वजन कमी करायला आम्हीच काढून टाकले होते.

मी पेन्सिल घेतली, विसावी रेघ मारायला. सगुणने माझे मनगट धरले.

"तुका खबर आसा?" माहीत आहे का तुला, असे तो विचारत होता.

मी मान हलवली. नाही.

"म्हाकाय ना. वीस म्हणलें खरें. पूण त्या धुरळ्यान म्हाका म्हजो हात दिसनाशिल्लो. तर बरोवं नाका." लिहू नकोस.

मग एकोणीसच्या पुढे एक प्रश्नचिन्ह काढले आणि वही त्याच्याकडे सरकवली. त्याने चष्मा लावून ते पाहिले. मग त्याला हसू फुटले, एवढे मोठे की सिद्धी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अठरा वर्सां!" तो ओरडला. "अठरा वर्सांनी एक प्रश्नचिन्ह दिलें गो ह्या मनशान!"

रविवारी सकाळी शंभर टक्के बॅटरीने निघालो. मैदानाजवळ थांबलो. सिद्धी एकटीच फेऱ्या मारत होती, पुण्याच्या चाचणीची तयारी. सगुण दोरीपाशी उभा होता. "आवाज नाही, करमतं का तुला?" मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारले. "म्हाका सगळ्योच गाडयो आतां अश्योच," तो म्हणाला. डोळे मैदानावरच होते आणि हात चिंचोक्यांच्या खिशात.

हळर्णला त्या बाईंनी मला पाहून न विचारताच फ्रीजचा प्लग काढला. "बघत होतो काय मित्र?" म्हणाल्या. होता, मी सांगितले. टेबल आधीच मांडून ठेवले होते.

बांद्याच्या पुढे मागून एक जुनी मोटारसायकल आली. मी सवयीने वेग कमी केला. ती न खोकता पुढे गेली. सगुणची गाडी आता कधीच खोकणार नाही, कारण तिचे इंजिन त्याच्या मागच्या पडवीत गोणपाटाखाली पडलेले मी पाहून आलो आहे. तरी पुढच्या वेळीही मी वेग कमी करीन, हे मला माहीत आहे.

घरी बायकोने विचारले, "आता तरी फोनवर बोलाल ना एकमेकांशी?"

त्याला फोनवर ऐकू येत नाही. सगुणशी बोलायचे तर त्याच्यासमोर बसावे लागते, कानाशी तोंड न्यावे लागते. अंतर चौसष्ट किलोमीटर. बॅटरी बासष्ट जाते. उरलेल्या दोन किलोमीटरांसाठी हळर्णला थांबावे लागते.