बोअरचं नितळ पाणी

भिजल्या लोखंडाचा वास आला की मला चांदा गावातली ती दुपार आठवते. तेव्हा मी बोअरचं पाणी तपासून देत असे, आणि नाटक तर अंगातच! पाणी चांगलं निघालं, तर जुनी विहीर बुजवून तिथे भाड्याच्या खोल्या बांधायच्या, असं तिथल्या एका घरात ठरलं होतं. मी पाणी फिल्टरच्या कागदातून गाळलं, ग्लास उन्हात मिरवला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायलो. घरच्या मावशी हसल्या, "सायेब, तपासताय का तमाशा करताय? बुजवू ना विहीर?" "बेलाशक!" मी म्हणालो. मावशींनी विहिरीची ओटी भरली आणि जेसीबीने माती लोटली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "भरून ठेवलेल्या हंड्यातलं पानी तांबडं झालंय, लई वास येतुया." पाण्यात विरघळलेलं लोखंड कागदातूनही निसटतं; हवा लागली की त्याचा गंज होऊन तांबडा गाळ होतो. हे मला ठाऊक होतं. पाणी फक्त एक रात्र ठेवून बघायचं होतं. मी गेलो, तेव्हा मावशी सपाट झालेल्या मातीपाशी उभ्या होत्या. "तुमी प्यालात, म्हनून आमी बुजवली," एवढंच म्हणाल्या. ते पाणी घटाघटा पिण्याचा किस्सा मी आजही रंगवून सांगतो, लोक खदखदून हसतात. विहिरीचं मात्र मी कुणाला सांगत नाही.