नुसतं पाणी

रबराच्या चिकात ॲसिड घातलं की चीक गोठतो, अमोनिया घातला की पातळ राहतो. दूर पूर्वेकडच्या बेटावरल्या मुसी नदीकाठच्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्यावरून गावानं आपलं शहाणपण काढलं होतं : अंगावर ॲसिड उडालं तर वर अमोनिया ओता, म्हणजे मिटलं! रुस्नीतीची अर्धी हयात चीक गोठवायच्या शेडमध्ये गेली होती. अमोनियानं सोललेली बोटं तिनं पाहिली होती. "नुसतं पाणी ओता रे, भरपूर," सांगून सांगून तिच्या जिभेला फोड यायचे बाकी होते. पण पाणी पडलं फुकटचं, त्यावर कोण विश्वास ठेवणार?

एका सकाळी तिच्याच नवऱ्याच्या, सहरुलच्या मनगटावर ॲसिड उडालं. हातमोजे खुंटीला लटकत होते आणि हे महाशय उघड्या हातानं कॅन कलता करत होते.

"अमोनिया आण!" तो ओरडला. शेजारचा तार्मिझी बाटली घेऊन धावला. रुस्नीतीनं ती हिसकावली आणि नवऱ्याला ओढत पाण्याच्या पिंपापाशी नेलं.

"शर्ट काढा आधी. बाही भिजलीय."

"अगं, नवा आहे!"

"आणि कातडी काय, शिंप्याकडून शिवून आणणार?"

तिनं बाही फाडली आणि मनगटावर मगामागून मग पाणी ओतत राहिली. थोड्या वेळानं सहरुल हात सोडवू लागला. "झालं, आग थांबली. सोड! तिकडे चीक ढवळायचा राहिलाय."

"राहू दे. वीस मिनिटं हलायचं नाही."

"युक, नवऱ्याला आंघोळ घालताय, तर साबण आणून देऊ का?" तार्मिझी दात काढत म्हणाला. तिथे थोरल्या बहिणीला युक म्हणतात, मान तोंडापुरता. सहरुल लाजेनं लाल झाला, पण तिनं पकड सोडली नाही. तेवढ्यात दोन परातींतला चीक गुठळ्या होऊन वाया गेला. मग तिनं मनगटावर स्वच्छ कोरडं फडकं बांधलं. आरोग्य केंद्रात चला म्हटल्यावर तो तोंड फिरवून निघून गेला. संध्याकाळी चुलीपुढे ती रागानं रडली.

मनगटावर नुसता लालसर डाग राहिला, फोडसुद्धा आला नाही. "बघ," सहरुल म्हणाला, "काही झालंच नव्हतं. उगाच चीक घालवलास." पाण्यानं हात वाचला, हाच पाण्याचा गुन्हा ठरला! तिनं कपाळावर हात मारला.

पुढे एकदा तार्मिझीच्या पायावर ॲसिड सांडलं. रुस्नीती पिंपाकडे धावली, पण सहरुल तिच्याआधी मग घेऊन उभा होता.

"अमोनिया नको!" तो दरडावत होता. "नुसतं पाणी. कधीचा सांगतोय मी!"

"बरोबर आहे तुझं," तार्मिझी कळवळत म्हणाला.

"वीस मिनिटं तरी ओता," रुस्नीती म्हणाली.

"युक, तुम्ही मध्ये नका बोलू," तार्मिझी म्हणाला. "सहरुलला कळतं त्यातलं."