बुधवारी उरणला कोण जेवून गेलं?

भूतबीत, भासबीस... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आजही नाही. म्हणूनच जास्त चिडचिड होते.

आम्ही ऐरोलीला राहतो. आई-बाबा रिटायर झाल्यावर उरणला गेले, समुद्रापासून पाच मिनिटांवर. गेल्या महिन्यात आमचं गोव्याचं बुकिंग बोंबललं, तेव्हा बायको – मृणाल – म्हणाली, "उरण तर उरण. पण बीचवर आपण दोघंच जायचं हां!" शुक्रवारची सुट्टी टाकून सकाळीच पोचलो.

चपला काढतोय तोच आईने विचारलं, "डबा आणलास?"

"कसला डबा?"

"अरे, परवा बुधवारी कोळंबीचे सोडे भरून दिले नव्हते का? जेवलास, किचनचा नळ दुरुस्त केलास, दोन तास गप्पा मारत बसलास..."

बुधवारी मी ऐरोलीला ऑफिसात, दिवसभर मीटिंगमध्ये! फोन सायलेंटवर, मृणालचे तीन कॉलसुद्धा राहून गेले होते. बाबा त्या दुपारी पनवेलला गेलेले, त्यांनी कुणालाच पाहिलं नव्हतं. पण दिवाळीपासून गळणारा नळ खरंच नीट झाला होता. सोडे डब्यासकट गायब. शेजारी, प्लंबर, सगळ्यांना विचारून झालं. कुणीच आलं नव्हतं.

बीच राहिला बाजूला. घरात तोच विषय, आणि तेच तेच सांगून मी वैतागलेलो. शेवटी बाबा म्हणाले, "हिला डॉक्टरला दाखवायला हवं." रविवारी दुपारी आई ओट्याशी उभी राहून रडायलाच लागली.

"माझ्या हाताने वाढलं रे तुला. मला वेड लागलंय का?"

मला नाही बघवलं. म्हटलं, "आलो होतो गं आई, मीच आलो होतो. मस्करी करत होतो."

तिने डोळे पुसले आणि वर मलाच झापलं. इतकं बरं वाटलं मला... वळलो तर दारात मृणाल उभी.

परतताना गाडीत तिला शपथेवर खरं सांगितलं. मीटिंगमधल्या मित्राला फोन लावून दिला. "मित्र काय, तू सांगशील तेच बोलणार," म्हणाली. मग खिडकीबाहेर बघतच तिने विचारलं,

"एवढंच सांग, आईंशी खोटं बोललास की माझ्याशी?"

आई आता खूश आहे. मृणाल अजून धड बोलत नाही. माझ्या आईच्या हातचं जेवून कोण गेलं, मला आजही माहीत नाही. पण त्या बुधवारी मी ऐरोलीतच होतो हो... निदान तुम्ही तरी विश्वास ठेवा.